यंत्राचा आकडा आणि माणसाची कातडी : मोजमापावर भरवसा कधी ठेवावा?

प्रास्ताविक

सन २०२० च्या सप्टेंबर-ऑक्टोबर महिन्यांत महाराष्ट्र शासनाने कोरोनाच्या साथीत 'माझे कुटुंब, माझी जबाबदारी' ही मोहीम राबविली. राज्यातील इतर भागांप्रमाणेच शहापूर व मुरबाड तालुक्यांतील गावांतून आणि पाड्यांतून आशाताई व स्वयंसेवक घरोघर फिरले. त्यांच्याजवळ दोन यंत्रे असत. एक कपाळासमोर धरावयाचे तापमापक आणि दुसरे बोटाला चिमट्यासारखे लावावयाचे ऑक्सिमीटर. यंत्रावर आकडा येई, तो कागदावर लिहिला जाई आणि त्यावरून घरात राहावयाचे की रुग्णालय गाठावयाचे हे ठरे.

या दोन्ही यंत्रांत एक गोष्ट समान आहे. ती शरीरात शिरत नाहीत. सुई नाही, रक्त नाही. कातडीवरून किंवा कातडीतून ती आतली बातमी आणतात. मग प्रश्न असा की, कातडी ही बातमी जशीच्या तशी बाहेर येऊ देते का? काळ्या-सावळ्या कातडीतून आणि गोऱ्या कातडीतून ती सारखीच येते का? तेच यंत्र तुम्ही लावले आणि आम्ही लावले तर आकडा तोच येतो का? वैद्यकीय संशोधनात या प्रश्नांचा बराच अभ्यास झाला आहे. आपल्या मंडळाच्या सभासदांना व विद्यार्थ्यांना त्याची ओळख व्हावी, एवढ्याचसाठी प्रस्तुत लेख लिहिला आहे.

आम्ही डॉक्टर नाही. बँकेत काम करणारे, कला शाखेचे पदवीधर आहोत. परंतु आमचा सारा दिवस मोजण्यात आणि मोजलेले पुन्हा ताडून पाहण्यात जातो. त्यामुळे हा विषय आम्हाला परका वाटला नाही.

१. दोन शब्दांची फोड

मोजमापासंबंधी दोन शब्द नेहमी येतात. एक विश्वसनीयता आणि दुसरा यथार्थता. बी. एड. च्या विद्यार्थ्यांना ते परीक्षापद्धतीच्या अभ्यासात भेटतात. बोलताना आपण त्यांची सरमिसळ करतो, पण ते वेगळे आहेत.

तीच वस्तू पुन्हा पुन्हा मोजली असता माप तेच येणे म्हणजे विश्वसनीयता. जे मोजावयाचे ठरविले तेच मोजले जाणे म्हणजे यथार्थता. एखाद्या दुकानदाराच्या तराजूच्या पारड्याखाली ५० ग्रॅमचा तुकडा चिकटविलेला असेल तर तो तराजू दर वेळी बरोबर ५० ग्रॅमच खोटे सांगेल. सकाळी सांगेल, संध्याकाळीही सांगेल. तो विश्वसनीय आहे, यथार्थ नाही. उलट एखादा काटा आज ९९० दाखवितो, उद्या १०१० आणि परवा १०००. त्याची सरासरी खरी येईल, पण एकदाच तांदूळ घ्यावयास गेलेल्या गिऱ्हाइकाला त्याचा काय उपयोग?

मापात फरक पडण्याची कारणे साधारणपणे चार ठिकाणी शोधावी लागतात. यंत्रात, मोजणाऱ्यात, ज्याला मोजले त्याच्यात आणि भोवतालच्या हवेत. बँकेतले नोटा मोजण्याचे यंत्र पाहा. कोऱ्या करकरीत नोटा ते झरझर बिनचूक मोजते. पावसाळ्यात गावाकडून आलेल्या दमट, मळक्या, एकमेकींना चिकटलेल्या नोटा मात्र एका फेरीत ९९ येतात आणि दुसऱ्या फेरीत १००. यंत्र तेच, चालविणारा तोच. फरक नोटांत आणि हवेत आहे. म्हणून रोखपाल तो गठ्ठा हाताने पुन्हा मोजतो. माणसाची कातडी ही कोऱ्या नोटेसारखी नसते. ती घामेजते, सुकते, उन्हाने रापते, कामाने जाड होते. तिच्यावर यंत्र ठेवणाऱ्याने ही गोष्ट विसरून चालत नाही.

२. जुना धडा : नाकाचे माप

माणसाचे शरीर यंत्राने मोजून त्यावरून मोठमोठे निष्कर्ष काढण्याचा उद्योग आपल्या देशात नवा नाही. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ले यांनी निरनिराळ्या जातींच्या लोकांची नाके मोजवून घेतली. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणले की नासिका-निर्देशांक मिळतो. या निर्देशांकावरून जातीचा सामाजिक दर्जा आणि वंश कळतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. धातूच्या मापकाने घेतलेला आकडा असल्यामुळे ते शास्त्र वाटले.

या आकड्यांची खरी झडती पुढे दोन थोर भारतीयांनी घेतली. पहिले प्रशांतचंद्र महालनोबिस. जिवंत माणसांची मापे घेण्याच्या पद्धतीत एकवाक्यता हवी, असा लेख त्यांनी १९२८ साली 'बायोमेट्रिका' या नियतकालिकात लिहिला. मोजणारे निरनिराळे, मापाची जागा ठरविण्याची त्यांची रीत निराळी, मग त्यांच्या आकड्यांची तुलना कशी करावयाची, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे १९३३ मध्ये त्यांनी रिस्ले यांची बंगालमधील मापे पुन्हा तपासून त्यांतील चुका दुरुस्त केल्या. हिशेबतपासनीस जुन्या खातेवह्या उघडतो, तसेच ते काम होते.

दुसरे डॉ. बाबासाहेब आंबेडकर. 'अस्पृश्य मूळचे कोण होते?' या प्रश्नाची चर्चा करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९४८ साली प्रसिद्ध झाला. अस्पृश्यतेचा उगम वंशभेदात आहे, हे मत त्यांनी त्यात खोडून काढले. त्यासाठी त्यांनी प्रा. गो. स. घुर्ये यांच्या पुस्तकातील नासिका-निर्देशांकाची मापेच पुढे ठेवली. त्या मापांवरून ब्राह्मण आणि अस्पृश्य हे भिन्न वंशाचे ठरत नाहीत, असे त्यांनी दाखवून दिले. विद्यार्थ्यांनी त्यांच्या मांडणीतील एक बारकावा लक्षात घ्यावा. मानवमिती हे भरवशाचे शास्त्र मानावयाचे असेल तर, अशी अट त्यांनी आधी घातली आहे. प्रतिपक्षाने ज्या मापाचा आधार घेतला तेच माप हाती घेऊन, पण ते माप अंतिम सत्य आहे असे स्वतःच्या पदरचे न घालता, त्यांनी युक्तिवाद केला. आकडा वापरावा, पण त्याच्या भरवशाचा प्रश्न उघडा ठेवावा, हा धडा त्यातून मिळतो.

महाराष्ट्रापुरते सांगावयाचे तर डॉ. इरावती कर्वे आणि प्रा. वि. म. दांडेकर यांनी महाराष्ट्रातील लोकांच्या शरीरमापांचा अभ्यास १९५१ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध केला. मानववंशशास्त्रज्ञ आणि संख्याशास्त्रज्ञ यांनी मिळून हे काम केले, ही गोष्टही बोलकी आहे. माप घेणे हे एक शास्त्र आणि घेतलेल्या मापाचा अर्थ लावणे हे दुसरे.

३. रंग डोळ्याने की यंत्राने?

नाकानंतर कातडीचा रंग. म्हसा येथील यात्रेत बैल पारखणारे जाणते शेतकरी असतात. त्यांची नजर पक्की असते, तरीही एकाच जनावराबद्दल दोघांचे मत जुळेलच असे नाही. रंगाचेही तसेच आहे. फॉन लुशान या शास्त्रज्ञाने कातडीचा रंग ठरविण्यासाठी ३६ रंगीत काचेच्या तुकड्यांची पट्टी तयार केली होती. तुकडा कातडीशेजारी धरावयाचा आणि कोणता जुळतो ते सांगावयाचे. पण सकाळच्या उजेडात एक क्रमांक जुळे, दुपारी दुसरा. एक निरीक्षक एक सांगे, दुसरा दुसरे. विसाव्या शतकाच्या मध्यापासून ही पट्टी मागे पडली आणि कातडीवर ठरावीक प्रकाश टाकून परतणारा प्रकाश मोजणारी यंत्रे आली.

डॉक्टरांच्या वापरात मात्र आणखी एक पद्धत राहिली. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ थॉमस फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये कातडीचे प्रकार पाडले. अतिनील किरणांचे उपचार देताना किती मात्रा द्यावी, हे ठरविणे हा त्यांचा हेतू होता. तुमची कातडी उन्हात भाजते की रापते, असे रुग्णाला विचारून प्रकार ठरविला जाई. मुळात ही वर्गवारी गोऱ्या लोकांसाठी होती. सावळ्या व काळ्या कातडीचे पाचवा आणि सहावा हे प्रकार मागाहून जोडले गेले. म्हणजे गोऱ्यांसाठी चार घरे आणि उरलेल्या साऱ्या जगासाठी दोन. भारतीयांच्या कातडीत गव्हाळपासून गडद काळ्यापर्यंत किती छटा आहेत, हे आपण आपल्याच घरात पाहतो. ज्या फुटपट्टीवर खुणाच कमी आहेत तिच्यावर बारीक फरक कसा दिसणार? अलीकडे हार्वर्ड विद्यापीठातील समाजशास्त्रज्ञ एलिस मंक यांनी दहा छटांची पट्टी तयार केली असून ती २०२२ पासून वापरात येऊ लागली आहे.

यंत्राने रंग मोजला म्हणजे प्रश्न संपला, असेही नाही. मोजावयाची जागा कोणती? भाताच्या लावणीला दिवसभर शेतात वाकलेल्या बाईचा दंडाचा आतला भाग आणि मनगटाचा वरचा भाग यांत मोठा फरक असतो. म्हणून शास्त्रज्ञ मूळ रंगासाठी दंडाची आतली, ऊन न लागणारी बाजू घेतात. यंत्र कातडीवर जोराने दाबले तर त्या जागेचे रक्त बाजूला सरते आणि आकडा बदलतो.

येथे जाहिरातींचाही उल्लेख केला पाहिजे. गोरेपणाच्या क्रीमच्या जाहिरातींनी वर्षानुवर्षे 'इतक्या आठवड्यांत इतके गोरे' असे दावे केले. काळा रंग म्हणजे कमीपणा असे दाखवू नये, असे मार्गदर्शक नियम भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०१४ मध्ये केले. २०२० मध्ये 'फेअर अँड लव्हली' या क्रीमच्या नावातला 'फेअर' हा शब्द कंपनीने काढून टाकला. अशा दाव्यांसमोर विद्यार्थ्यांनी एक साधा प्रश्न ठेवावा. तीच कातडी काहीही न लावता आज आणि उद्या मोजली तर आकड्यात किती फरक पडतो? तो फरक दोन अंशांचा असेल आणि क्रीमचा 'गुण' एका अंशाचा असेल, तर तो गुण क्रीमचा नव्हे, यंत्राच्या चळण्याचा आहे.

४. बोटावरचे यंत्र

आता ऑक्सिमीटरकडे येऊ. जपानमधील अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ च्या सुमारास या यंत्रामागील तत्त्व शोधले. चिमट्याच्या एका बाजूने दोन प्रकारचे प्रकाश बोटातून सोडले जातात. एक लाल, सुमारे ६६० नॅनोमीटरचा, आणि दुसरा डोळ्यांना न दिसणारा अवरक्त, सुमारे ९४० नॅनोमीटरचा. प्राणवायूने भरलेले रक्त आणि प्राणवायू कमी असलेले रक्त हे दोन प्रकाश वेगवेगळ्या प्रमाणात शोषतात. नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर बोटात येणाऱ्या ताज्या रक्तामुळे जो फरक पडतो तो पकडून यंत्र टक्केवारी सांगते.

पण यंत्राला टक्केवारी कळते कशी? येथेच खरी गोम आहे. ती निव्वळ सूत्राने कळत नाही. यंत्र तयार करताना निरोगी स्वयंसेवकांना प्राणवायू कमी असलेली हवा देतात, त्यांच्या धमनीतील रक्त तपासतात आणि यंत्राच्या खुणा त्या रक्ताच्या आकड्यांशी जुळवून कोष्टक बनवितात. ते कोष्टक यंत्रात भरलेले असते. म्हणजे यंत्र काही माणसांच्या बोटांवर शिकते आणि मग साऱ्या जगाच्या बोटांवर परीक्षा देते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या २०१३ च्या मार्गदर्शक सूचनेप्रमाणे या चाचणीला किमान १० माणसे पुरेशी होती. त्यांपैकी गडद कातडीची माणसे किमान दोन किंवा १५ टक्के, यांपैकी जी संख्या मोठी असेल तितकी घेणे अपेक्षित होते.

परिणाम काय झाला? काळ्या रुग्णांच्या बाबतीत हे यंत्र कमी अचूक ठरते, हे १९९० मध्येच जुब्रान आणि टोबिन या डॉक्टरांनी कृत्रिम श्वासावर ठेवलेल्या रुग्णांच्या अभ्यासात दाखविले होते. तीस वर्षे त्याकडे फारसे लक्ष गेले नाही. मग कोरोना आला आणि सारे जग या एका यंत्राच्या आकड्यावर चालू लागले. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगन येथील डॉ. शोडिंग व सहकाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. यंत्राने ९२ ते ९६ टक्के दाखविलेल्या रुग्णांचे धमनीतील रक्त तपासले असता, प्रत्यक्षात ८८ टक्क्यांहून कमी प्राणवायू असलेले रुग्ण काळ्यांमध्ये सुमारे १२ टक्के आणि गोऱ्यांमध्ये सुमारे ४ टक्के निघाले. यंत्राने 'ठीक आहे' म्हटलेल्या दर शंभर काळ्या रुग्णांपैकी सुमारे बारा जण ठीक नव्हते. यंत्राच्या या चुकीमुळे काळ्या रुग्णांना उपचाराची गरज आहे हे उशिरा लक्षात आले, असे २०२२ मधील दुसऱ्या एका अभ्यासात आढळले.

ही चूक एका विशिष्ट दिशेने होते, हे ध्यानात घ्यावे. आकडा कधी वर, कधी खाली असा तो चळत नाही. गडद कातडीवर तो खऱ्यापेक्षा जास्त दाखविण्याकडे झुकतो. पारड्याखाली चिकटविलेल्या तुकड्याची आठवण व्हावी, अशीच ही गोष्ट आहे. फरक इतकाच की हा तुकडा कोणी मुद्दाम चिकटविलेला नाही. तपासणीच्या वेळी काही माणसे मोजलीच गेली नाहीत, म्हणून तो तेथे राहून गेला. ज्यांची मोजणी होत नाही त्यांचे नुकसान दिसत नाही, हे आपल्या समाजाला निराळे सांगावयास नको.

अमेरिकेच्या त्याच प्रशासनाने फेब्रुवारी २०२१ मध्ये या मर्यादेबद्दल जाहीर सूचना दिली. जानेवारी २०२५ मध्ये नव्या नियमांचा मसुदा काढून चाचणीत १५० किंवा अधिक माणसे असावीत आणि निरनिराळ्या छटांच्या कातडीचा त्यांत समावेश असावा, असे सुचविले. आणखी एक बाब अशी की, २०२० च्या अभ्यासात रुग्णांच्या कातडीचा रंग मोजलेला नव्हता. नोंदीतला वंश धरून गट पाडले होते. वंश आणि रंग या एकच गोष्टी नव्हेत. म्हणून नव्या संशोधनात रंगही यंत्राने मोजण्याचा आग्रह आहे.

याचा अर्थ ऑक्सिमीटर टाकून द्यावा, असा मुळीच नाही. या यंत्राने असंख्य जीव वाचविले आहेत. आपण एवढेच करावे : हात गार असतील तर चोळून ऊबदार करावेत, गडद नखरंग पुसावा, हात स्थिर ठेवावा, यंत्रावर थेट ऊन पडू देऊ नये, आकडा स्थिरावेपर्यंत थांबावे. एका आकड्यापेक्षा आकडा दिवसेंदिवस उतरत आहे का, ते पाहावे. आणि माणसाला धाप लागली असेल, ओठ काळेनिळे झाले असतील, तो गोंधळल्यासारखा बोलत असेल, तर यंत्र ९६ दाखवो की ९७, त्याला शहापूरचे उपजिल्हा रुग्णालय किंवा मुरबाडचे ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल तेथे न्यावे.

५. क्षयरोग आणि कुष्ठरोग : पट्टी, बोट आणि दोरा

सर्वच मापनसाधने विजेवर चालतात असे नाही. क्षयरोगाच्या जंतूचा संसर्ग झाला आहे का, हे पाहण्यासाठी मॅन्टू चाचणी करतात. फ्रेंच डॉक्टर शार्ल मॅन्टू यांनी ती १९०८ च्या सुमारास रूढ केली. हाताच्या आतल्या बाजूस कातडीच्या थरात औषध टोचतात आणि ४८ ते ७२ तासांनी उमटलेली गाठ पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजतात. मोजावयाचा तो कडकपणा, लाली नव्हे. लाली डोळ्याला दिसते, कडकपणा बोटाला कळतो. गडद कातडीवर लाली नीट दिसत नाही, पण त्याने बिघडत नाही, कारण ती मोजावयाचीच नसते. नवशिक्याची गल्लत येथेच होते. कडेचा अंदाज हाताने घ्यावा लागत असल्यामुळे एकाच गाठीला एक जण ८ म्हणतो तर दुसरा ११. सर्वसाधारणपणे १० ही सीमा मानली असेल, तर एकाच्या लेखी संसर्ग नाही आणि दुसऱ्याच्या लेखी आहे. शिवाय मोजणाऱ्यांचा कल ५, १०, १५ अशा पूर्ण आकड्यांकडे झुकतो. बँकेत पैसे काढण्याच्या पावतीवर ५०० किंवा १००० लिहिले जातात, ४८७ क्वचितच. तोच हा मनुष्यस्वभाव. मोठ्या पाहणीत १० वर नोंदींचा ढीग दिसला की संशोधक सावध होतात. १९७५ मध्ये सोकल यांनी सुचविलेली युक्ती सोपी आहे. बॉलपेन बाहेरून गाठीकडे ओढत न्यावयाचे आणि जेथे अडखळेल तेथे थांबावयाचे. दोन्ही बाजूंच्या रेघांमधील अंतर म्हणजे माप.

विश्वसनीयता आणि यथार्थता यांतील फरक या चाचणीत फार स्पष्ट दिसतो. लहानपणी बीसीजी लस घेतलेल्या माणसाला संसर्ग नसतानाही मॅन्टूची गाठ येऊ शकते. दोन तज्ज्ञांनी ती अगदी १२ मिलिमीटर अशी एकमताने मोजली तरी अर्थ चुकू शकतो. ही अडचण दूर करण्यासाठी नवी त्वचाचाचणी निघाली असून, पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'साय-टीबी' ही त्यांपैकी एक होय. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. त्यामुळे यथार्थता सुधारली. पण गाठ दोन-तीन दिवसांनी पट्टीनेच मोजावयाची असल्याने वाचकाच्या हाताचा प्रश्न आहे तसाच राहिला. आणि वीटभट्टीवर निघून गेलेले कातकरी कुटुंब तिसऱ्या दिवशी परत आलेच नाही तर उत्तम चाचणीही वाया जाते.

कुष्ठरोगाच्या बाबतीत तर मोजमापाच्या भरवशावरून साऱ्या जगाचे धोरण बदलले. १९८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुरू केला, तेव्हा रुग्णाचा प्रकार ठरविण्यासाठी कातडीतील द्रवाची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी करीत. जंतूंचे प्रमाण शून्य ते सहा अशा मोजपट्टीवर देत. चांगल्या प्रयोगशाळेत ही तपासणी उत्तम होई. पण खेड्यापाड्यांतून द्रव घेण्याची, रंगविण्याची, वाचण्याची पद्धत सारखी राहीना. शेवटी १९९८ मध्ये संघटनेच्या तज्ज्ञ समितीने ती सक्तीची नाही असे ठरविले आणि चट्टे मोजण्याची पद्धत पुढे आली. पाचपर्यंत चट्टे म्हणजे एक प्रकार, पाचाहून अधिक म्हणजे दुसरा. बारीक पण बेभरवशाच्या मापापेक्षा ढोबळ पण सर्वांना सारखे घेता येईल असे माप पत्करले गेले.

बधिरता तपासण्यासाठी नायलॉनचे दोरे वापरतात. ठरावीक जाडीचा दोरा कातडीवर टेकवून तो वाकेपर्यंत दाबला की ठरावीकच भार पडतो. मधुमेही रुग्णाच्या तळपायासाठी १० ग्रॅमचा दोरा असतो. परंतु दोराही थकतो. अनेकदा वाकविल्यावर तो मऊ पडतो, दमट हवेत त्याचा ताठपणा बदलतो. आणि अनवाणी चालणाऱ्या शेतकऱ्याच्या तळव्याला घट्टे पडलेले असतात. त्या घट्ट्यावर दोरा टेकविला आणि त्याला कळले नाही, तर तो बधिरपणा नव्हे. म्हणून घट्ट्याची जागा सोडून तपासावे, असा नियम आहे.

६. ओलावा आणि हवामान

त्वचारोगांवरील औषधांच्या संशोधनात आणखी काही यंत्रे वापरली जातात. एक यंत्र कातडीच्या सर्वांत वरच्या थरातील ओलावा त्याच्या विद्युतगुणधर्मावरून सांगते. दुसरे कातडीतून किती पाणी वाफ होऊन निघून जाते ते मोजते. निरोगी माणसाच्या हातावर ते प्रमाण दर चौरस मीटरला तासाला साधारण ५ ते १० ग्रॅम असते. इसब झालेल्या जागी ते वाढते. बाळाच्या कोरड्या, खाजऱ्या कातडीवर एखादे मलम गुण देते का, हे अशा यंत्राने ठरविता येते.

परंतु यासाठी शास्त्रज्ञांनी घातलेल्या अटी पाहा. खोलीचे तापमान सुमारे २० ते २२ अंश सेल्सिअस, हवेतील आर्द्रता ४० ते ६० टक्के, वारा नको, मोजण्यापूर्वी माणसाने वीस-तीस मिनिटे स्वस्थ बसलेले असावे, त्या दिवशी तेथे साबण-तेल लावलेले नसावे. आता डोळखांब किंवा टोकावडे येथील जुलै महिना आठवा. भिंतींना ओल, कपडे वाळत नाहीत. मे महिन्यात घामाच्या धारा. घाम आला की यंत्र घामच मोजते. पावसाळ्यात औषध सुरू करून हिवाळ्यात मोजले तर ऋतूचा परिणाम औषधाच्या नावावर जमा होईल. कपाळाचे तापमापकही उन्हातून आलेल्या माणसाला जास्त आणि घाम वाळत असलेल्या माणसाला कमी दाखवू शकते. म्हणून माणसाला काही वेळ सावलीत बसवून मग मोजणे योग्य. आपल्या हवेत संशोधन करावयाचे तर वातानुकूलित खोली तरी हवी, नाही तर औषध घेणारे आणि न घेणारे असे दोन गट एकाच दिवसांत, एकाच जागी मोजून ताडून पाहिले पाहिजेत.

७. भरवसा कसा तपासतात?

यंत्रावर भरवसा ठेवण्यापूर्वी संशोधक मुख्यतः तीन गोष्टी करतात.

पहिली, एकाच माणसाने तीच जागा दोन-तीनदा मोजणे. दुसरी, दोन निरनिराळ्या माणसांनी एकमेकांचा आकडा न पाहता मोजणे. समजा, चिमट्यासारख्या मापकाने एका मुलाच्या दंडावरील कातडीची घडी मोजावयाची आहे. एकाचे आकडे ६.४, ६.६, ६.५ मिलिमीटर आले आणि दुसऱ्याचे ८.१, ८.०, ८.२. प्रत्येक जण स्वतःशी प्रामाणिक आहे, पण दोघांचे जमत नाही. एकाने घडी वर धरली, दुसऱ्याने खाली, एवढ्याने हे घडते. या मुलाचे पोषण सुधारले की नाही, हे सांगावयाचे तर पहिल्या व दुसऱ्या वेळी मोजणारा एकच असावा किंवा दोघांना एकत्र शिकविलेले असावे.

तिसरी, नवे यंत्र जुन्या खात्रीच्या पद्धतीशी ताडून पाहणे. येथे एक फसगत संभवते. समजा, जुने यंत्र १०, २०, ३० दाखविते आणि नवे १३, २३, ३३. दोन्ही बरोबरीने चढतात, म्हणून त्यांचा सहसंबंध पूर्ण आहे. पण नवे यंत्र दर वेळी ३ ने जास्त सांगते. सहसंबंध म्हणजे सहमती नव्हे, हे ब्लँड आणि आल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात समजावून दिले. दोन आकड्यांतील फरकच काढावा, तो सरासरी किती आणि जास्तीत जास्त कुठवर जातो ते पाहावे, असे त्यांनी सांगितले. दोन खातेवह्यांची बेरीज एकाच चालीने वाढते म्हणून कोणताही शाखाधिकारी त्या जुळल्या असे मानीत नाही. तो फरकच विचारतो.

८. विद्यार्थी व सभासदांसाठी

आपल्यापैकी पुष्कळांची मुले आज परिचर्या, औषधनिर्माण, प्रयोगशाळा तंत्रज्ञान या शाखांत शिकत आहेत. काही जण संशोधनाकडेही वळतील. आकडा समोर आला की त्यांनी पुढील प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी :

(१) हे यंत्र नेमके काय मोजते आणि त्यावरून काय अनुमान काढले जाते?
(२) पुन्हा मोजले तर किती फरक पडतो? सांगितलेला गुण त्या फरकाहून मोठा आहे का?
(३) मोजणारे किती होते? त्यांना एकसारखे शिकविले होते का?
(४) कोणत्या जागी, कोणत्या हवेत, कोणत्या ऋतूत मोजले?
(५) यंत्र कोणाच्या शरीरावर पारखले होते? आपल्यासारखी कातडी, आपल्यासारखे काबाडकष्ट करणारे हात त्यांत होते का?

यांतील पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कोणी संशोधनासाठी आपल्या वस्तीत आले, तर घाबरून दार लावू नये आणि आंधळेपणाने अंगठाही देऊ नये. काय मोजणार, कशासाठी मोजणार, निष्कर्ष आम्हाला कळविणार का, हे विचारावे. माहिती देऊन घेतलेली संमती हा आपला हक्क आहे. समाधान झाले तर मात्र अवश्य भाग घ्यावा. गडद कातडीची माणसे चाचणीत नव्हती म्हणून यंत्राला ती ओळखता आली नाहीत, हे आपण वर पाहिलेच.

समारोप

यंत्र खोटे बोलत नाही, असे आपण सहज म्हणतो. यंत्राला खरे-खोटे माहीत नसते. त्याला जेवढे शिकविले तेवढे ते सांगते. ते शिकविणारी, हातात धरणारी आणि त्याने मोजली जाणारी, तिन्ही माणसेच असतात. म्हणून आकडा पाहताना त्यामागच्या या तिघांचीही चौकशी करावी. आशाताईंच्या वहीतल्या आकड्याला अवश्य मान द्यावा, आणि समोरच्या माणसाला धाप लागली आहे की नाही, तेही आपल्या डोळ्यांनी पाहावे. सभासदांनी हा विषय मंडळाच्या अभ्यासवर्गात चर्चेला घ्यावा आणि विद्यार्थ्यांनी वरील पाच प्रश्न आपल्या वहीत उतरवून घ्यावेत, अशी आमची विनंती आहे.